व्याह्यांचा तिसरा राउंड

आमच्या घरात वाद दोन म्हातारे घालतात आणि भांडी मी आपटते. विषय माझ्या लग्नापासून एकच आहे: खरा मोठा बॉक्सर कोण, जुन्या काळातला की आताचा? वाद घालणाऱ्यांपैकी एक माझे सासरे, देवासचे. त्यांना मी आमच्या जुन्या वळणाप्रमाणे मामंजी म्हणते. दुसरे माझे वडील, धारचे. दोघेही तरुणपणी बॉक्सिंग खेळले, आणि इंदूरला कॉलेजांच्या स्पर्धेत एकदा समोरासमोरही आले. ती लढत मामंजींनी जिंकली. पुढे बऱ्याच वर्षांनी माझं स्थळ देवासला सांगून गेलं, तेव्हा मामंजींनी बाबांना दारातच ओळखलं आणि पत्रिका न उघडता होकार दिला. म्हणजे मी या घरात आले तीही बॉक्सिंगमुळेच, आणि मला त्या खेळाचं नाव काढलं तरी राग येतो.

वाद म्हणतेय खरी, पण त्याला वाद म्हणायला दोन बाजू लागतात. आमच्याकडे मुलीचा बाप व्याह्यांच्या शब्दावर शब्द टाकत नाही. महाराष्ट्रात आता हे कोणी पाळत नाही म्हणे. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीचे वडील व्याह्यांबरोबर पत्ते खेळतात आणि त्यांना खुशाल हरवतात. माळव्यात मात्र पूर्वजांनी मराठी दरबाराबरोबर महाराष्ट्रातून जे आणलं ते आम्ही गाठोडं न सोडता जपून ठेवलं आहे. मला मूल होईपर्यंत बाबा माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाहीत, धारहून बाटली भरून आणायचे. आता जेवतात, पण मामंजींनी पहिला घास घेतल्यावर. त्यामुळे मामंजी बोलतात, बाबा मान डोलवतात आणि शेवटी म्हणतात, "आपण म्हणता ते खरं."

मामंजी म्हणतात ते असं. पूर्वी जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा राउंडांच्या असत, आता बाराच्या. पूर्वीचे लोक दोन-दोन महिन्यांनी रिंगमध्ये उतरत, आताचे वर्षातून एकदा उतरतात, तेही समोरचा सोयीचा आहे ना हे बघून. पूर्वी डोळा सुजला तरी माणूस कोपऱ्यातून उठून पुढे यायचा. जो मार खाऊन उभा राहिला तो मोठा, बाकीचे नाचे. आणि मग हमखास इंदूरची लढत निघते. तिसऱ्या राउंडात व्याहीबुवांनी आपल्याला कसं दोरांवर नेलं, कसं झोडपलं, आणि आपण कसे पडलो नाही. "विचारा त्यांना," असं म्हणून ते बाबांकडे बघतात. बाबा म्हणतात, "नाही पडलात."

बाबांचं खरं मत मला धारच्या घरात कळलं, भाजी निवडताना. ते म्हणाले की जुना आणि नवा एकमेकांसमोर उभे करताच येत नाहीत. जुन्यातले कितीतरी दिवसभर हमाली करून संध्याकाळी लढायचे, आणि आताचा महिनोन् महिने समोरच्याच्या लढतींची फीत बघून त्याची प्रत्येक खोड पाठ करून येतो. तेव्हा अंगात रग लागायची. आता ज्याला फसवायचं तोच इतका सावध असतो की फसवणं अवघड. म्हणून ज्याला त्याला त्याच्या समोरच्यावरून मोजावं. आणि सगळ्या काळांत चालेल असं एकच माप असेल, तर ते कमी मार खाण्याचं. हात शाबूत आणि डोकं शाबूत घेऊन घरी येतो तो मोठा. मी म्हटलं, हे देवासला का नाही सांगत? तर म्हणाले, "देवासला तू नांदतेस."

मी नांदतेय त्याला वीस वर्षं होऊन गेली. आता मला कोण काढणार आहे घरातून? पण बाबांपुढे हे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हे सगळं मी हसण्यावारी नेत राहिले असते, जर माझ्या मुलीने हातमोजे घातले नसते. ती सतरा वर्षांची आहे. लहानपणापासून ती देवासच्या आजोबांच्या मांडीवर बसून जुन्या लढती बघत आली, आणि त्यांच्याच बोटाला धरून पहिल्यांदा तालमीत गेली. तिचं मराठी अर्धं हिंदी आहे, मराठी वाचायला दिलं तर जांभया देते, पण 'आपल्या घरात कोणी पडत नाही' हे वाक्य मात्र तिला अस्सल मराठीत येतं.

गेल्या हिवाळ्यात इंदूरला तिची एक लढत झाली. दुसऱ्या राउंडात तिच्या कानशिलावर एक जबरदस्त ठोसा बसला. हेडगार्ड असूनही मान अशी गेली की मी खुर्चीतून उठले. ती पडली नाही. तिसऱ्या राउंडात पुढे पुढे जात राहिली आणि जिंकली. मामंजींनी घरी येऊन तिची दृष्ट काढायला लावली. त्या दिवसापासून पोरगी खोलीचा पडदा ओढून बसू लागली. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बारीक डोळे करायची. एकदा उलटी झाली, तर म्हणाली सेव जास्त खाल्ली. कोचनी विचारलं तेव्हा एकदम ठीक आहे म्हणाली. डॉक्टरांकडे चल म्हटलं की उसळायची, कारण सोमवारी भोपाळला राज्याच्या संघाची निवड होती आणि डॉक्टर आराम लिहून देणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा कंपनीच्या कामाने गुजरातेत. फोनवर म्हणाला, तू बघ. वा रे, तू बघ!

मी बघत होतेच. शाळेत शिकवताना मुलं गणितं सोडवत असायची आणि मी वर्गात येरझाऱ्या घालायची. घरी आले की आधी तिच्या खोलीत डोकवायची, मग उगाच गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायची. मामंजींना सांगितलं तर म्हणाले, लढतीनंतर चार दिवस डोकं दुखतंच, त्याला दुखणं म्हणत नाहीत. त्यांचं तिच्यावर जीवापाड प्रेम आहे, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. शेवटी मी गच्चीवरूनच धारला फोन लावला. बाबांना म्हटलं, तिला तुमचं पटेल, एकदा येऊन सांगा. तर म्हणाले, व्याह्यांच्या घरात बसून त्यांनी घडवलेल्या पोरीला मी कसं थांबवू? मी फोन ठेवला, आणि इतकी चिडले की अर्धी बादली पाणी तुळशीत ओतलं.

तरी रविवारी सकाळी ते आले. इंदूरला बस बदलून, हातात मांडूच्या इमलीची, म्हणजे तिकडच्या गोरखचिंचेची, पिशवी. मी पोहे केले. मामंजी झोपाळ्यावर बसले, बाबा नेहमीच्या, झोपाळ्याहून खालच्या खुर्चीवर, आणि मुलगी दिवाणावर आडवी, डोळ्यांवर ओढणी. तिची बॅग दारात भरून तयार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं.

मामंजींना त्या दिवशी उधाण आलं होतं. नात दुसऱ्या दिवशी लढणार, म्हणून त्यांनी सगळा काळ एका दमात उलटापालटा केला. आताच्या मुलांना जरा खरचटलं की पंच लढत थांबवतात. पूर्वी असं असतं तर एकही थोर बॉक्सर जन्माला आला नसता. मी आत-बाहेर करत होते. चहा दिला, कप उचलले, उचललेले कप पुन्हा आणून ठेवले. बाबा पोहे चिवडत होते आणि नातीकडे बघत होते. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे ठरलं होतं ते मला दिसत होतं. आजोबा म्हणतात ते तिच्यासाठी वेदवाक्य होतं.

मग इंदूरची लढत आली. तिसरा राउंड, दोर, मार. "विचार तुझ्या नानांना," मामंजी बाबांकडे बोट करून तिला म्हणाले, "पडलो का मी?"

बाबांनी ताटली खाली ठेवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात फडकं. 'नाही पडलात' हे दोन शब्द इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले होते की मी तिथून निघालेच होते.

"नाही पडलात," बाबा म्हणाले. "कारण मी मारलं नाही."

मामंजी हसले. त्यांना वाटलं व्याही पहिल्यांदाच थट्टा करताहेत.

"दोरांपाशी गेलात तेव्हा आपले डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते. पण मी त्यांना दिसत नव्हतो. मला भीती वाटली. एक ठोसा आणखी बसला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. मी हात खाली घेतले, नुसता मिठी मारत राहिलो. आपण हात चालवत राहिलात, म्हणून गुण आपल्याला मिळाले."

झोपाळा थांबला होता. या घरात कोणी मामंजींना असं बोललेलं मी पाहिलं नव्हतं, आणि बोलणारा माझा बाप होता, मुलीचा बाप. मला वाटलं आता ते उठून आत जातील, किंवा बाबांना जा म्हणतील. बाबांनाही तेच वाटलं असणार, कारण ते उभे राहिले आणि हात जोडले. म्हणाले, बोलायचं नव्हतं, पोरीसाठी बोललो, वाटल्यास माझा राग करा, हिचा करू नका. हिचा म्हणजे माझा. इतक्या वर्षांनी त्यांना अजून मला इथे नांदवायचं होतं, आणि माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला.

मामंजी उठले नाहीत. फरशीकडे बघत राहिले.

"मला तो राउंड आठवतच नाही," ते हळू म्हणाले. "कधीच आठवला नाही. घंटा आठवते, मग एकदम बसमध्ये बसलोय, आणि मित्र सांगताहेत की भाई, तू पडला नाहीस. ते सांगत होते तेच मी सांगत आलो."

मी बाबांना बसा म्हणायला पुढे झाले, तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला. तिने ओढणी काढली नव्हती.

"आजोबा, मलापण याद नाही," मुलगी म्हणाली. "सेकंड राउंडनंतरचं कुछ भी नाही. मी व्हिडिओ बघून सगळ्यांना सांगते."

मी तिच्याकडे धावले हे आठवतं. मामंजी माझ्या आधी पोचले हेही आठवतं, त्या वयात, गुडघ्यांची तक्रार असताना. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नको हे त्यांना कळेना, हात तसाच वर राहिला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, गाडी मागव. भोपाळ नाही, इंदूर." मुलगी रडायला लागली, मग चिडली, मी फक्त याद नाही म्हटलं, खेळणार नाही कुठे म्हटलं, असं म्हणत राहिली. बाबांनी तिची बॅग दारातून उचलून आत ठेवली. त्यावर ती त्यांच्यावर इतकी ओरडली की मी तिला दटावणार होते. बाबांनी मान हलवून मला थांबवलं.

इंदूरच्या दवाखान्यात तिला तपासायला आत नेलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की डोक्याला मार बसलाय, पूर्ण आराम, रिंगचं नाव बरेच महिने काढायचं नाही, आणि या अवस्थेत दुसरा मार बसला असता तर बोलायला ही इथे नसती. पण ते नंतर. तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मला बसवत नव्हतं. मी त्या बोळातून या टोकाला जायची आणि परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा निघायची. एका शिपायाने मला दोनदा हटकलं.

दोघे व्याही बाकावर शेजारी-शेजारी बसले होते, एकाच उंचीवर. मला वाटलं, आता यांच्यात बोलण्यासारखं काय उरलं? एका फेरीत त्यांच्याजवळून जाताना मामंजींचा आवाज कानावर आला. इतका हळू की मी थबकले.

"व्याहीबुवा, घंटा झाल्यावर मी पहिल्यांदा काय केलं?"

बाबांनी जरा आठवलं. म्हणाले, आपण डावीकडून आलात, फार छान आलात, मला वाटलं होतं माझं काही खरं नाही. आणि मग ते एकेक सांगत गेले, कोणता हात, कुठला पाय, समोरून कोण ओरडत होतं ते. मामंजी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मध्येच विचारायचे, "मग?" बाबा पुढचं सांगायचे.