अंगठ्याची शिकवणी

मॅनेजरनं मला बसायला खुर्ची दिली, तितंच मला संशय आला. सात वर्षं मी त्याच्या कारखान्यात हातमोजे शिवते. ऑफिसात चारदा गेले असंल, चारी वेळा उभीच होते. त्या दिवशी खुर्ची, वर कॉफी. दूध किती, साखर किती, तेही विचारलं. मी कॉफीला हात लावला न्हाई. म्हटलं, आधी काय ते सांग.

माझ्याबरोबर शेजारच्या मशीनवरची पंजाबी बाई होती. मला फ्रेंच येत न्हाई, इंग्रजी बाजारापुरतं. तिला दोन्ही येतं, म्हणून कुठंही बोलायचं तर मी तिला घेऊन जाते. मॅनेजर बोलला ते तिनं हिंदीत सांगितलं. "बहनजी, इंडिया में नया कारखाना खोला है इन्होंने. तेरे महाराष्ट्र में. वहाँ की लड़कियाँ तेरी ही बोली बोलती हैं. कंप्यूटर पर उनको अंगूठा सिखा दे."

"अन् शिकल्यावर?" मी विचारलं.

मॅनेजर हसला. म्हणला, काही बदलणार न्हाई. तितला माल वेगळा, हितला वेगळा.

"काही बदलणार न्हाई तर मला कॉफी कशाला?" हे मात्र तिनं त्याला सांगितलं न्हाई.

अंगठा म्हणजे काय ते सांगते. मोज्याची चार बोटं कुणीही शिवतं, सरळ शिवण हाय. अंगठा वेगळा तुकडा असतो. तळव्याला भोक पाडलेलं असतं, त्यात तो बसवायचा. भोक लहान, तुकडा मोठा. सरळ शिवत गेलं तर शेवटी कातडं उरतं, चुणी पडते अन् अंगठा वाकडा बसतो. तसला मोजा घालून कुणी फावड्यानं बर्फ शोव्हल केला तर दुपारपर्यंत हाताला फोड येतो. ते जादाचं कातडं शिवता शिवताच थोडं थोडं जिरवायचं असतं. मी ते खालनं, डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखानं जिरवते. वरून बघणाऱ्याला दिसत न्हाई. एका पोर्तुगीज म्हातारीनं मला ते शिकवलं. ती रिटायर झाली, मग आमच्या कारखान्यात अंगठा बसवणारी मी एकटीच राहिले.

मी चौथी शिकलेली. सोलापूरला मांडीवर सूप घेऊन विड्या वळायचे. माल द्यायला गेलं की चेकर मूठमूठभर विड्या बाजूला काढायचा, म्हणायचा छाट हाय. छाट विडीचा पैसा न्हाई. अन् ती विडी परतही द्यायचा न्हाई. "खराब हाय तर माझी मला दे की," असं एकदा म्हटलं, तर आठ दिवस मला विडीचं पान मिळालं न्हाई. तेव्हापासनं माल बघणारा माणूस गोड बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई, हाताकडं बघते.

नवरा गेल्यावर मुलानं हिकडं कॅनडात आणलं. ब्रॉसार्डला त्याचं घर हाय, चांगलं हाय. बेसमेंटमध्ये माझी खोली होती. सून वाईट न्हाई. पण कुठं चाललात, कधी येणार, गॅस बंद केला का, हे रोज कुणी विचारलं की आपण पाहुणे असल्यासारखं वाटतं. नातवंडं इंग्रजीत बोलायची, मी मराठीत. हा कारखाना मिळाला तशी मी नदी ओलांडून मॉन्ट्रियलला आले, एक खोली अन् ओटा घेतला. माझी किल्ली, माझा चहा. काम गेलं की परत बेसमेंट, हे मला पक्कं माहीत होतं. मुलगा दर रविवारी म्हणायचाच, "आई, कशाला करतेस? कम होम." त्या खोलीसाठी मला ते मशीन पायजे होतं. दुसरं काही न्हाई.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत युनियनची बाई आली. उंच, गळ्यात मफलर, हातात कागदांचा गठ्ठा. बाकावर उभी राहून बोलली, पंजाबी बाई मला हिंदीत सांगत होती. सरकार इंडियाशी व्यापाराचा करार करायला निघालंय. तितला माल हिकडं जकात न भरता येणार. मग मालक हितं कशाला शिववून घेतील? आधीच्या करारांच्या वेळी हेच झालं, शिलाईचे कारखाने मजल्यामजल्यानं रिकामे झाले. बोलणी बंद दाराआड चालत्यात, कामगाराला कुणी विचारत न्हाई. बायांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या झाल्यावर तिघी-चौघींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. तितं इंडिया म्हणजे मीच होते.

मग ती माझ्याकडं आली. म्हणली, मोर्चा काढायचाय, तू पाटी धरून पुढं उभी राहा.

"मीच का?"

पंजाबी बाईनं तिला विचारून सांगितलं. "कहती है, तू सामने खड़ी हो तो कोई नहीं बोलेगा कि हम इंडियावालों के खिलाफ हैं."

"म्हणजे हिला माझं तोंड पायजे."

"हाँ. मालिक को तेरा हाथ चाहिए, इसको तेरा मुँह." अन् आपणच हसत सुटली. "मेरा तो कोई कुछ माँगता ही नहीं."

खुर्चीचं अन् कॉफीचं युनियनच्या बाईला कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. ती म्हणली, शिकवू नकोस. मी विचारलं, न्हाई शिकवलं अन् त्यानं मला काढलं, तर? त्यावर ती बराच वेळ बोलली. पंजाबी बाईनं दोन शब्दांत सांगितलं, "पता नहीं."

मी चार दिवस विचार केला. न्हाई म्हटलं असतं तर मॅनेजरनं कुणाला तरी माझ्या मागं उभं केलं असतं, माझ्या बोटांवर नजर ठेवायला. त्यापेक्षा समोर कोण हाय ते आपल्या डोळ्यानं बघावं. पाटीला न्हाई म्हटलं, शिकवणीला हो म्हटलं.

कॉम्प्युटर सकाळी लावायचे, तितं तेव्हा संध्याकाळ. पडद्यावर सहा जणी दिसल्या, डोक्याला जाळी, निळे एप्रन. त्यांच्या मागं सुपरवायझर, मद्रासकडचा. हिकडं माझ्या शेजारी मॅनेजर, डोकं फोनमध्ये. पुढं बसलेल्या पंचविशीतल्या पोरीनं नमस्कार केला.

"मावशी, येतंय का ऐकू?"

"येतंय."

"तुमी कुटल्या?"

"सोलापूरची."

"आमी नगरकडच्या. तितं लई थंडी हाय म्हणं?"

"हाय. म्हणून तर मोजे लागत्यात. तुमच्याकडं कोण घालणार हे?"

"आमी घालून बघितले की. घामानं हात भिजला." सगळ्या हसल्या.

मॅनेजरनं मान वर केली. मी त्याला मोजा उचलून दाखवला, तो परत फोनमध्ये गेला. मग मोजा फिरवत, आवाज न बदलता मी विचारलं, "तुझ्या मागं उभा हाय त्याला मराठी कळतं का?"

"त्याला? 'चल' अन् 'लवकर' कळतं."

"नक्की?"

"परवा तोंडावर माकड म्हटलं. थँक्यू म्हणला."

"पगार कसा?"

"आता शिकवणीचा रोज मिळतो, बरा हाय. शिकून झालं की नगावर. अन् खराब निघालं की कापणार."

"म्हणजे शिकल्यावर कमी?"

"सुरवातीला तर कमीच."

छाट. तिनं तो शब्द काढला न्हाई, पण समुद्रापलीकडं येऊनही माझ्या कानात तोच आला. मी जरा मशीन चालवली. मग म्हटलं, "मग तुला घाई काय हाय?"

पोरगी हुशार. म्हणली, "अन् तुमचं काय, मावशी?"

"तुमी शिकलात की माझं मशीन बंद."

"मग दोघींनाबी घाई न्हाई."

एवढ्या पटकन ती कबूल झाली की मला तिचाच संशय आला. मालकाचीच असली तर? पण मी खोटं काही शिकवलं न्हाई. सुई कुठली, धागा कसला, टाका किती बारीक, सगळं दाखवलं. फक्त खालच्या बोटाचं बोलले न्हाई. तिनंही विचारलं न्हाई.

हिवाळा असा गेला, आठवड्यातनं दोनदा शिकवणी. तिकडनं नमुन्याचे मोजे यायचे, अंगठे वाकडे. मॅनेजर ते टेबलावर ओळीनं मांडायचा अन् बघत बसायचा.

कारखान्यात मात्र सगळ्यांना वाटलं, मी विकली गेले. माझ्या बाकावर जेवायला कुणी बसेना. पंजाबी बाईसुद्धा एक दिवस म्हणली, "रोज क्या सिखाती है? इतने में तो मैं गाड़ी चलाना सीख जाती."

"सीखी क्या?"

"तीन बार फेल." एरवी ती असं बोलून हसली असती. त्या दिवशी डबा उचलून दुसऱ्या टोकाला गेली.

मी तिला खरं सांगितलं न्हाई. चांगली बाई हाय, पण पोटात काही राहत न्हाई. अन् युनियनच्या बाईला कळलं असतं तर तिनं ते कागदावर छापून वाटलं असतं. एकटीनं जेवलं तरी डबा संपतो.

बर्फ वितळायला लागला, तेव्हा एक दिवस पडद्यावर समोर दुसरीच बाई. चाळिशीची, वाळलेली. बाकीच्या पाच जणी मान खाली घालून बसलेल्या. सुपरवायझरच्या शेजारी आणखी एक माणूस उभा, शर्ट खोचलेला, चेहऱ्यावरनं आपल्याकडचाच, मराठी कळणारा.

"आधीची पोरगी कुठं हाय?" मी विचारलं.

"तिला काढली."

"का?"

"आमाला कुठं सांगत्यात."

हिकडं मॅनेजरचा फोन खिशात होता. तो माझ्याकडं बघून हसला. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

आमचं ते 'घाई न्हाई' कुणी सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलं न्हाई. नंतर मुलाला विचारलं तर म्हणला, "आई, कॉल रेकॉर्ड होतात, इट्स नॉर्मल." असंल. त्या पाचांतल्या एखादीनं सांगितलं असंल. पोरीनंच कुठं हसत हसत सांगितलं असंल. त्या पोरीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. विचारायला पायजे होतं.

"मावशी," नवी बाई म्हणली, "शिकवणीचा रोज बंद केलाय. आजपासनं सगळ्यांना नगावर. अंगठा वाकडा निघाला की कापत्यात. मला दोन लेकरं हायत. नीट दाखवा ना."

मी हातातल्या मोज्याकडं बघत बसले. हिचा अंगठा वाकडा निघाला तर माझं मशीन राहतं, अन् हिच्या घरात चूल पेटायची पंचाईत. सरळ निघाला तर ही जगते, मी बेसमेंटमध्ये. मालकाचं दोन्हीकडनं काही जात न्हाई.

मोजा उलटा केला. खालची बाजू पडद्याकडं धरली. "हे बोट बघ. नखानं असं आत ढकलायचं, टाक्यागणिक जरासं. जोर न्हाई लावायचा." तीन मोजे करून दाखवले. चौथा तिनं केला, बरोबर बसला.

मागनं एक पोरगी हळूच म्हणली, "मावशी, मग तुमचं मशीन?"

शर्ट खोचलेला माणूस ऐकत होता. म्हटलं, ऐकू दे. "हितं मोर्चा हाय. हा करार नको म्हणून मी पाटी धरणार हाय."

नव्या बाईचा हात थांबला. "म्हणजे आमाला काम नको?"

"तुला काम असू दे. पण तुला कापायचं अन् मला काढायचं, हे दोघींना न विचारता ठरतंय. ते नको."

"पाटी धरल्यावर हितला कारखाना बंद पडंल का?"

"माहीत न्हाई."

ती मोज्याकडं बघत म्हणली, "मग जरा खालीच धरा, मावशी."

त्याच दिवशी दुपारी मी पंजाबी बाईला बरोबर घेऊन युनियनच्या बाईकडं गेले अन् हिवाळ्यापासनं झालं ते सगळं सांगितलं. आज शिकवलं, हेही सांगितलं. तिचं तोंड लाल झालं. पंजाबी बाई एकेक वाक्य सांगत होती, एकदाही हसली न्हाई.

"पूछती है, क्यों सिखाया?"

"तिचा पगार कापला असता."

"और तेरा?"

"म्हणून तर पाटी मागायला आले."

युनियनच्या बाईनं मफलर सोडला, परत गुंडाळला. मग कोपऱ्यातली एक पाटी काढून दिली.

तिच्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं होतं. पंजाबी बाईनं वाचलं, कामगारांना विचारल्याशिवाय करार नको. मी ती पाटी घेऊन घराखालच्या डेपानेरमध्ये, किराणा दुकानात गेले, दूध घेतलं अन् दुकानदाराला म्हटलं, वाच. तोही तेच म्हणला. रात्री मुलाला फोटो पाठवला. त्यानंही तेच वाचलं, वर म्हणला, "आई, बी केअरफुल." कुठंही इंडियाचं नाव न्हाई, हे तिघांनी सांगितल्यावर मी ती दाराशी ठेवली.

मोर्च्याच्या दिवशी थंडी परत पडली होती. मला पहिल्या रांगेत उभं केलं. फोटो काढणारा माणूस सारखा खुणावत होता, उंच धर, उंच. पंजाबी बाई शेजारी होती, म्हणली, "ऊपर कर ना, सब देख रहे हैं."

"इतनाच ठीक है," मी म्हटलं. पाटी छातीपाशीच धरली. एक हात भरून आला की दुसऱ्या हातात घेतली.

सोमवारी कामावर गेले तर कोट काढायच्या आधी माझं मशीन जागेवर हाय का ते बघितलं. होतं. मंगळवारीही बघितलं.