रंगवलेलं निपल

वर्कशॉपच्या मिस्त्रींना पाठीमागे सगळे 'वंगणबुवा' म्हणत. मशीन दारात उभं राहिलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वंगण दिलं होतं का?" उत्तरही ठरलेलं, "दिलं होतं की!" तीस वर्षं हे ऐकून त्यांचे कान किटले होते.

त्या दिवशी खोदाईचं मशीन घेऊन आले खुद्द जावईबापू. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा! बकेट जिथे जोडलेली असते तो सांधा पार खिळखिळा झालेला.

"वंगण?"

"दिलं होतं की, बाबा!"

दुसरा कोणी असता तर मिस्त्रींनी त्याची बिनपाण्याने केली असती. पण जावई पडला! त्यांनी मुकाट घण उचलला. सांध्यातली पिन जाम हलेना. गॅसने भोवताल तापवून, घण घालून घालून खांदे भरून आले, तेव्हा कुठे ती संध्याकाळी बाहेर आली. मनगटाएवढी जाड पिन, पण मधोमध उंदराने कुरतडल्यासारखी. तिच्याभोवतीच्या बुशचा, म्हणजे लोखंडी नळीचा, झिजून पत्रा झालेला. भोकही गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. म्हणजे आता वेल्डिंगने ते भरून काढा, पुन्हा कोरून गोल करा!

ग्रीस भरायच्या निपलवर मिस्त्रींनी बोट फिरवलं. वर पिवळ्या रंगाचा गुळगुळीत थर, तोंड पार बुजलेलं.

"वंगण कुठून दिलंत, जावईबापू? नाकातून?"

जावई कानकोंडे झाले. "मशीन जरा नवं दिसावं म्हणून रंग..."

"उद्या सकाळी सातला या. जुने कपडे घालून."

दोन दिवस जावयांनी सासऱ्यांच्या हाताखाली घाम गाळला. भोक कोरायचा दांडा सरळ रेषेत बसवताना त्यांच्या नाकी नऊ आले, हाताला फोड आले. लेकीचा फोन आला, "बाबा, त्यांना जेवायला तरी सोडा!"

"तुझा नवरा आहे गं, पण मशीनचा वैरी आहे," म्हणत मिस्त्रींनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी नवी पिन दोन-चार हलक्या टोल्यांत आत सरकली. "बसली, बाबा!" जावई ओरडलेच.

त्यानंतर त्या सांध्याने त्रास दिला नाही. त्रास दिला जावयांनी. आता मिस्त्री सकाळी दात घासत असतात तेव्हाच फोन वाजतो.

"बाबा, काहीतरी कुईकुई वाजतंय. फोन मशीनला लावतो, ऐका हं."

मिस्त्री तोंडातला ब्रश काढतात, डोळे मिटून ऐकतात.

"अहो, सांधा नाही तो. तुमची बसायची सीट आहे!"