घोटीला काढलेला नंबर

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. जवळ रोख अडतीस हजार रुपये : बत्तीस हजार मोटारीच्या कामाचे, सहा हजार प्रवासाचे. नाशिकरोडच्या फलाटावर हजर दोघे : मी आणि माझी पत्नी सुनंदा. गाडी वीस मिनिटे उशिरा पोचली. नऊ वर्षांत अकोल्याहून नाशिकच्या मी चौतीस खेपा केल्या आणि प्रत्येक खेपेला परतीचे तिकीट आधीच काढले. या पस्तिसाव्या खेपेला काढले नाही. दहा दिवसांची रजा होती आणि परतायचे होते ते आमच्या स्वतःच्या मोटारीतून.

मोटार म्हणजे १९६९ सालची अमेरिकन गाडी. दोन दारे, आठ सिलिंडर, बॉनेट इतके लांब की त्यावर एक माणूस पाय पसरून झोपेल. त्या काळी अमेरिकेतली तरुण मुले असल्या गाड्यांच्या शर्यती लावत. आता तिकडची पोक्त माणसे त्या शोधून, खरवडून, रंगवून पुन्हा चालू करतात, आणि जगभर हा छंद असलेली माणसे आहेत. माझी गाडी मला ओझरच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये, औषधाच्या पिंपांखाली सापडली. किंमत एक लाख पंधरा हजार. त्यात दुरुस्ती मिळवून आजवरचा खर्च सात लाख एकेचाळीस हजार. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. हा आकडा मी घरी कधी लपवला नाही. सुनंदा गाडीला 'लांबडी' म्हणते.

या छंदात एक गोष्ट सगळ्यांत मोठी मानतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचेच इंजिन तिच्यात असावे आणि त्यावर ठोकलेला नंबर कागदावरच्या नंबराशी जुळावा. बहुतेकांची इंजिने कधीच बदललेली असतात. माझ्या गाडीचे बदललेले नव्हते. तिची नोंदणी संपून बरीच वर्षे झाली होती. ती नव्याने होण्यासाठी परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकाने तोच नंबर पाहायचा होता. तो जुळला की लांबडी रस्त्यावर, नाही जुळला तर नाही.

नाशिकमधल्या द्वारका नावाच्या चौकात उतरलो तेव्हा ट्रक, रिक्षा, बस सगळे एकाच वेळी पुढे जाण्याच्या प्रयत्नात होते आणि कुणीच जात नव्हते. रस्ता ओलांडायला सहा मिनिटे लागली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ मागवली. इथली मिसळ काळ्या मसाल्याची, सोबत पापड. वाढणाऱ्याने सुनंदाकडे पाहून विचारले, "मावशी, रस्सा तिखट हाय. झेपंल ना?"

"आम्ही अकोल्याचे आहोत," सुनंदा म्हणाली.

"मग पानी जवळच ठेवतो."

तिने दोनदा रस्सा मागून घेतला. त्या दिवशी ती खुशीत होती हे इथे लिहून ठेवतो, कारण त्यानंतर मी तिला तशी पाहिलेली नाही.

द्वारकेच्या मागच्या गल्लीत अंबादासभाऊंचे गॅरेज आहे. वय बासष्ट. गाव घोटीजवळचे. गाडी निळ्या रंगात तयार उभी होती. हाच रंग तिला कारखान्यात लागला होता; त्याची छटा जुळवायला आम्हाला चौदा महिने लागले. सुनंदा नऊ वर्षांत प्रथमच आत बसली. तिने सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपल्या पलंगापेक्षा ऐसपैस आहे."

"वहिनी, या बयेनं तुमच्या मालकांना लय नाचवलं," अंबादासभाऊ म्हणाले.

"मालक नाचले, भाऊ, पण बिदागी माझ्या डब्यातून गेली."

ते हसले. इंजिन मात्र गाडीत नव्हते. त्याचा ब्लॉक, म्हणजे ज्यात आठ सिलिंडर कोरलेले असतात तो ओतीव लोखंडाचा मुख्य ठोकळा, घोटीला होता. त्याच्या माथ्याला झीज येऊन खळगे पडले होते. तो माथा मशीनवर धरून सपाट करायचा होता. याला कारागीर 'फेस मारणे' म्हणतात. एवढा मोठा ठोकळा बसेल असे मशीन भातगिरण्यांची कामे करणाऱ्या एकाच वर्कशॉपमध्ये असल्याचे अंबादासभाऊंनी शोधून काढले होते. ब्लॉक आणायचा, आठ दिवसांत इंजिन जोडायचे, निरीक्षकांना दाखवायचे आणि निघायचे, असा हिशेब होता.

पिकअपमध्ये पुढे तिघे बसून निघालो. पांडवलेण्यांचा डोंगर मागे पडला. विल्होळीपुढे हवा मोकळी झाली. वाडिवऱ्हे ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरे लागली. धसकटे सुकून करडी झाली होती. काही ठिकाणी बांधाशी जमीन काळी दिसत होती. सुनंदाने विचारले, "शेत जळालं का हे?"

"जळालं नाय, भाजलंय. राब हाय तो," अंबादासभाऊंनी सांगितले. (राब : भाताचे रोप टाकण्याची जागा पालापाचोळा, शेण पसरून भाजून घेतात.) समोर कळसूबाईची रांग धुरकट उभी होती. पस्तीस किलोमीटरला पन्नास मिनिटे लागली.

वर्कशॉप बाजारपेठेच्या टोकाला. कारागीर सुपडूअण्णा मूळचे सटाण्याकडचे, बोलण्यात अहिराणी. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी. त्यांनी आम्हाला आधी चहा पाजला, मग ब्लॉकवरचे पोते उचलले.

"देखा. आरसा शे." (बघा. आरसा आहे.)

खरोखर आरसा होता. मी बोट फिरवले, कुठेही अडले नाही. मग वाकून पुढच्या टोकाला पाहिले. तिथे अंगठ्याएवढी सपाट जागा असते आणि नंबर त्याच जागेवर ठोकलेला असतो. जागा होती. तीही आरशासारखी होती. तिच्यात मला माझा चष्मा दिसला.

"नंबर कुठे आहे?" मी विचारले.

"काढा ना मी." (काढला ना मी.)

"काढला म्हणजे?"

"काढा म्हंजे काढा. पहिल्या हातात गया नही. आकडे खोल व्हतात. तीनदा मशीन फिरावं, तवय साफ झाया." (पहिल्या फेरीत गेला नाही. आकडे खोल होते. तीनदा मशीन फिरवले, तेव्हा साफ झाला.)

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कामाचे समाधान होते. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अंबादासभाऊंकडे मी पाठवलेली कामांची यादी होती ती. अक्षर माझे. तेविसावे कलम : 'इंजिन नंबर काढून ठेवणे. अत्यंत महत्त्वाचे.' खाली दोन रेघा.

मला म्हणायचे होते की फेस मारण्याआधी नंबरावर पातळ कागद धरून, पेन्सिल घासून त्याचा ठसा काढून ठेवा, आणि त्या जागेला मशीन लावू नका. आमच्याकडे गाडीच्या कागदपत्रांत ठशाला 'नंबर काढणे' म्हणतात. ठसा हा शब्द मी लिहिला नाही. मला तो लिहिण्याची गरज वाटली नाही.

"पण तुम्ही एकदा विचारायचं तरी," मी म्हणालो.

"फोन करा व्हता ना तुम्हले! नंबर काढाना का, इचारं. तुम्ही सांगं, हो, आधी तोच काढा, आन स्वच्छ निघायला पाहिजे." (फोन केला होता ना तुम्हाला! नंबर काढायचा का, विचारले. तुम्ही सांगितले, हो, आधी तोच काढा.)

हे शब्द माझेच होते. जानेवारीत दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो फोन आला होता. ठसा स्वच्छ निघावा असे मला म्हणायचे होते.

"काढा म्हणजे कागदावर काढा!" मी ओरडलो. "फोटो काढा म्हणतो तेव्हा माणूस काढून टाकतात का?"

सुपडूअण्णा आता रागावले. "आन दात काढा म्हना तर डागतर दातना फोटू काढस का?"

अंबादासभाऊ खाली बघत होते. म्हणाले, "सायेब, याला कशाला बोलता? कागद मी पण वाचला व्हता. मला वाटलं, जुना नंबर घालवून तुमी हापिसातून नवा घेनार."

तिघांनी वाचले होते. तिघांनाही ते स्पष्ट वाटले होते.

मग सुपडूअण्णा आत गेले आणि एक लाकडी डबी घेऊन आले. तिच्यात पोलादी ठसे होते, शून्यापासून नऊपर्यंत. गिरणीच्या सुट्या भागांवर खुणा ठोकायला ते लागतात. अंबादासभाऊ हळू म्हणाले, "आकडे तुमाला पाठ हायत. पाच मिन्टाचं काम. वरून जरा तेल न काजळी चोळू. कोन बघतंय?"

सगळे आकडे मला पाठ होते. डबीतला चार मी उचलून पाहिला. त्याची घडण जवळपास तशीच होती. सुनंदा नऊ वर्षे या गाडीला नावे ठेवत आली. ती म्हणाली, "मारू द्या ना. आपलीच गाडी, आपलाच नंबर. कुणाचं चोरलं काय आपण?"

मी चार परत डबीत ठेवला. कारखान्यात ठोकला होता तो नंबर होता. घोटीला ठोकला असता ते नुसते आकडे झाले असते, आणि अर्जावर त्या आकड्यांखाली मला सही करावी लागली असती. हे मी तिला त्या वेळी नीट सांगू शकलो नाही. "नाही," एवढेच म्हणालो. ब्लॉक पिकअपमध्ये चढवायला चार माणसे लागली. सुपडूअण्णांनी पैशाचे नाव काढले नाही आणि मलाही सुचले नाही.

रविवारी पंचवटीत गेलो. गाडीच्या पूजेसाठी सुनंदाने एका गुरुजींना पुढच्या आठवड्याची वेळ सांगून ठेवली होती. भाजीबाजारातून, दुचाक्या चुकवत त्यांचे घर गाठले. पूजा रद्द करायची म्हटल्यावर त्यांनी वही उघडून विचारले, "गाडी विकलीत का?"

"नाही. झालीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी आमच्या नावावर रेघ मारली. "मग पुढची तारीख धरू?"

"नको," हे सुनंदा म्हणाली.

बाहेर एका भाजीवालीने मेथीची जुडी तिच्यापुढे धरली. "लय कवळी हाय ताई, घ्या. दहाला दोन."

"लॉजवर उतरलोय, बाई. कुठं शिजवू?" ती म्हणाली आणि तरी दोन जुड्या घेतल्या. त्या लॉजच्या खिडकीत सुकल्या.

सोमवारी परिवहन कार्यालयात गेलो. निरीक्षक तिशीपस्तिशीचे, शांत गृहस्थ होते. मी तेविसाव्या कलमासह सगळे सांगितले आणि यादीचा कागदही दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. हसले नाहीत.

"काका, खरं सांगू? तुम्ही नंबर ठोकून आणला असता तर कदाचित माझ्या लक्षातही आलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"पण आता सांगितलंत, तर मला लिहावं लागेल. इंजिनावर नंबर नाही, तो खोडलेला आहे. मग चौकशी. पोलिसांकडेही कागद जाईल."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येणार नाही. आणि होईलच असंही सांगत नाही."

त्यांनी लिहिले. मी वाचून सही केली. बाहेर आल्यावर सुनंदाने विचारले, "तुम्ही काहून सांगितलं?" मी रिक्षाला हात केला. तिने पुन्हा विचारले नाही, आणि ते मला जास्त लागले.

मंगळवारी निघालो. रजेचे सहा दिवस उरले होते. अंबादासभाऊंनी गाडीवर ताडपत्री घातली होती. ते म्हणाले, "दरवाजे, काचा, बंपर सुटे सुटे इकले तर गिऱ्हाईक हाय. इचार करून सांगा." त्यांना राहिलेले अकरा हजार दिले. त्यांनी मोजले नाहीत. जनरलच्या डब्यात मनमाडपर्यंत उभे राहावे लागले. पुढे सुनंदाला जागा मिळाली. खिडकीतून चाळीसगाव, जळगाव जात राहिले. चौतीस खेपांत मी हा सगळा रस्ता इंजिनाचा एखादा भाग मनात जोडत काढला होता. आता जोडायला काही नव्हते, आणि रस्ता किती लांब आहे ते कळले.

इथे अकोल्यात लोक विचारतात, की एवढी वर्षे घातली त्यातून काय शिकलात? मला शिकल्यासारखे वाटत नाही. मी आयुष्यभर कागद तपासले. दुसऱ्याच्या टिपणीत दोन अर्थ निघतात म्हणून ती परत पाठवण्याबद्दल मी कचेरीत बदनाम आहे. ते एक कलम मी लिहिल्यावर दोनदा वाचले, खाली दोन रेघा मारल्या आणि मला त्यात एकच अर्थ दिसला. याच्यापुढे माझ्याच्याने विचार होत नाही. दोन दारांची ती गाडी सोडली तर मी आयुष्यात काही पुरे करायला घेतले नव्हते.

१५ फेब्रुवारीला सुपडूअण्णांना फोन करून बिल मागितले. "राहू द्या साहेब," ते म्हणाले. मी तीनदा म्हटले तेव्हा त्यांनी कागदाचा फोटो पाठवला. ब्लॉकला दोन्ही बाजूंनी फेस मारणे, चार हजार आठशे. नंबर काढणे, पन्नास.

"ते पन्नास तरी कापा," सुनंदा म्हणाली.

काम झाले होते आणि सांगितले तसे झाले होते. चार हजार आठशे पन्नास रुपये सुपडूअण्णांना त्याच दिवशी पाठवले.