पोत्यावरची पल्लवी

वाशिमहून शिरपूर जैनची एसटी निघाली ती असे हादरे देत, की चाळीस वर्षं जागची न हललेली माझी अक्कलदाढ शेजारच्या आजोबांच्या डब्यात पडता पडता राहिली. वाटेत दिसेल त्या कृषी केंद्रावर एकच मुलगी धावत होती. पोत्यावर, भिंतीवर, अगदी एका म्हशीच्या पाठीवरच्या गोणपाटावरसुद्धा! खाली मोठ्या अक्षरांत : ‘विजेत्या पल्लवीचं खत!’

मी निघालो होतो याच पल्लवीकडे. वय पंधरा, दहावीत. तीन हजार मीटरमध्ये विभागात पहिली. राज्यस्पर्धेचा संघ दुसऱ्या दिवशी सकाळी वाशिमहून सुटणार होता. तिला निरोप द्यावा आणि घरी येऊन तुम्हाला तिखटमीठ लावून सांगावं, इतकाच माझा बेत.

गावाबाहेरच्या मळ्यात तिचे वडील नामदेवराव मेथी खुडत होते, पल्लवी वाफ्यांना पाणी देत होती.

“झाली का तयारी?” मी गर्जलो.

“पोरगी नाई जात,” नामदेवराव म्हणाले. “संघाच्या शर्टावर दुसऱ्याच कंपनीचं नाव हाय. आमी खताच्या कंपनीले लिहून देल्लं, तीन वर्षं धावाचं त तिच्याच शर्टात, दुसऱ्याचं नाव अंगावर नाई.”

कायदा मला इतपत कळतो, की माझ्या सल्ल्याने एक चुलतभाऊ खटला नसतानाही हरला आहे. म्हणून त्या बापलेकीला आणि त्या कागदाला घेऊन मी मंगरूळपीरची एसटी धरली. दर्ग्याजवळच्या गल्लीत एक वकीलबाई बसतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“हा कागद नाई भाऊ, रद्दी हाय. अठराच्या आतल्या लेकराचा करार कायदा मानतच नाई. अन् बापालेही पोरीचे पाय असे बांधून देता येत नाई. जाऊ द्या तिले.”

पल्लवीने तिथल्या तिथे वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या. जणू आता याच दारातून धावत सुटणार.

नामदेवराव फरशीकडे पाहत होते. “कागद फाडता येईन, बाई. नारय (नारळ) कसा जोडू?”

मग उलगडलं. खताच्या विक्रेत्याने सही दुकानात घेतलीच नव्हती. गावात मांडव टाकला, शाल पांघरली, चार मोठ्या माणसांसमोर सोयरिकीसारखी सुपारी फोडली, नारळ फोडला, घरोघर खोबरं वाटलं. नामदेवरावांना मिळाला बॅटरीवरचा फवारणी पंप. बेट्याला गाव पक्कं ठाऊक. इथे फुटलेल्या सुपारीवरून जो फिरला, त्याच्या दारी पुन्हा पाहुणा येत नाही.

“मोठ्या पोरीची सोयरीक चालू हाय. लोक म्हनतीन, खोबरं खाऊन फिरले.”

“ताईची सोयरीक चालू हाय,” पल्लवी म्हणाली. “माई त झाली. पोत्यासंगं.”

वकीलबाईंनी फी घेतली नाही. देशाच्या कायद्याने त्या मुलीभोवती भक्कम कुंपण घातलं होतं. फाटकाला कुलूप मात्र आतून लागलेलं.

मुक्काम मळ्यातच होता. जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी. मी दोन खाल्ले. एरवी तुम्हाला सतरा सांगितले असते.

सकाळी, संघ वाशिमहून निघायच्याच वेळेला, माझी परतीची एसटी सुटली आणि थोड्याच वेळात लक्षात आलं, पिशवी मळ्यात राहिली. मागे पाहिलं तर डांबरी रस्त्यावरून अनवाणी पल्लवी येत होती, पिशवी छातीशी धरून. ती एसटीच्या बरोबरीला आली. मग पुढे गेली. फाट्यावर आम्ही थांबलो, तेव्हा ती आधीच तिथे उभी होती.

कंडक्टर दारात येऊन ओरडला, “काय पयते बाप्पा ही पोट्टी! हिले स्पर्धेत काहून नाई धाडत?”

तिने खिडकीतून पिशवी दिली. “काका, सांगू नका कोनाले. कंपनीचा शर्ट नोता अंगात.”

आणि वळून, आता सावकाश, मळ्याकडे चालू लागली.

घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. म्हैस सगळ्यांना पटली, अक्कलदाढही पटली. मुलीने एसटीला मागे टाकलं म्हटल्यावर मात्र सगळे खो खो हसले. “तुझ्या थापा!” म्हणाले. यात मी एक पाऊलही वाढवलेलं नाही. पण सिद्ध कसं करू? त्या सकाळी कोणीच घड्याळ लावलं नव्हतं.