गोडाऊनसमोरचं कासव

नागपुरात रामदासपेठेतल्या एका क्लासमध्ये मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर बेडकाचं हृदय काढायचं, मुलांनी ते उतरवून घ्यायचं, की झाला धडा. त्यामुळे शहराबाहेर वाडी गावाच्या पुढे, अमरावती रोडला लागून असलेल्या एका संत्र्याच्या बागेत परदेशी प्राण्यांसाठी आसरा सुरू झालाय आणि तिथे येणाऱ्या शाळेच्या मुलांशी बोलायला माणूस हवंय, असं कळल्यावर मी फार विचार केला नाही. आई म्हणाली, "सरडे सांभाळायले चालली काय वं तू?"

सरडेही होते तिथे. लांब शेपटीचे हिरवे इगुआना, मालक परदेशी गेल्यावर मागे राहिलेली मकाव पोपटांची जोडी, आणि कुणीतरी चपलांच्या खोक्यात घालून फाटकाशी ठेवून गेलेला एक काटेरी हेजहॉग. सगळे कुणाच्या तरी हौसेपायी इथवर आलेले. आमच्या डॉक्टरबाई त्यांच्यावर उपचार करायच्या आणि मी मुलांना त्यांच्या गोष्टी सांगायची.

त्या थंडीत एका ट्रकवाल्याने काढलेला व्हिडिओ त्याच संध्याकाळी फिरत फिरत आमच्याकडे आला. वाडीतल्या एका गोडाऊनसमोर चहाची टपरी, तिच्याशेजारी पोत्यावर परातीएवढं कासव. पाठीवर हळदकुंकू, गळ्याशी झेंडूची माळ. मागून कुणीतरी सांगत होतं, "देव उद्या रामटेकले चालले. तलावात सोडून राहिलो त्यायले."

डॉक्टरबाईंनी व्हिडिओ थांबवून कासवाचे पाय पाहिले. "हे आफ्रिकेतलं आहे. कोरड्या जमिनीवर राहणारं. पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची गाडी घेऊन पोचले, तेव्हा टेम्पो सुरू करून उभा होता. हमाल, ड्रायव्हर, आजूबाजूच्या बायका असे पुष्कळ लोक जमले होते. टपरी चालवणारी मावशी कासवाला शाल गुंडाळत होती. साठीच्या आसपासची, ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"मावशी, याला तलावात सोडू नका," मी म्हटलं. "हे जमिनीवरचं कासव आहे. बुडेल."

लोक हसले. मावशी मात्र हसली नाही. "कासव बुडते? कोनं शिकवलं तुले?"

मग तिनेच सगळं सांगितलं. पावसाळ्यात एका ट्रकमधून लाकडी पेटी उतरली होती. ती न्यायला कुणी आलंच नाही. आतून खरवडल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा हमालांनी फळ्या उचकटल्या, तर आत हे. गोडाऊनचा मुनीम म्हणाला, फेकून द्या कुठेतरी. मावशीने ते टपरीमागच्या गवतात नेलं. पावसाळाभर तिथे ते चरलं, फिरलं, आणि लोक पाया पडायला लागले. थंडी सुरू झाल्यावर मात्र त्याने खाणं सोडलं. नाकातून पाणी वाहायला लागलं.

"पाण्याची आठवण येत असन त्याले," ती म्हणाली. "मी नवस बोलली, रामटेकच्या तलावात नेऊन सोडीन म्हनून. माझ्याजवळ मराले नाही पाहिजे तो."

तिने शालीचं टोक कासवाच्या मानेखाली खोचलं. वाद घालून काही होणार नाही हे मला दिसलं. मी खाली बसले आणि शाल बाजूला करून कासवाचा पाय हळूच पुढे घेतला. "मावशी, पाण्यातल्या कासवाचा पाय वल्ह्यासारखा असतो, बोटांत पडदा असतो. हा पाय पाहा."

तिने पाहिलं, मग बोटांनी चाचपलं. "हत्तीचा पाय," ती हळूच म्हणाली.

"आमच्या डॉक्टरबाईंना दाखवू. तुम्हीही चला. त्यांनी सांगितलं की पाण्यात सोडा, तर मी स्वतः तुम्हाला रामटेकला घेऊन जाते."

"खोटं बोलून राहिली असशील तं?"

"तर मला तिथेच सोडून या."

यावर ती पहिल्यांदा हसली. स्टोव्ह बंद केला, शेजारच्या पानठेलेवाल्याला म्हणाली, "लक्ष ठेव गा टपरीवर," आणि गाडीत चढली. वाटभर तिने कासवाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

डॉक्टरबाईंनी तपासलं. छातीत सर्दी साचली होती. या जातीला नागपूरचा उन्हाळा सोसतो, पण इथली थंडीची रात्र ओल्या जमिनीवर काढणं सोसत नाही. इंजेक्शनं सुरू झाली. पत्र्याच्या खोलीत पेंढा घालून वर उबेचा दिवा लावला. मग बाईंनी पाठीवरचे वेडेवाकडे उंचवटे पाहिले आणि विचारलं, "काय खायला घालत होता?"

"पोहे," मावशी अभिमानाने म्हणाली. "बिस्कुट. चहात बुडवलेला पाव त्याले लय आवडे."

डॉक्टरबाई रागावल्या. उंचवटे लहानपणापासूनच्या चुकीच्या खाण्याचे होते, मावशीचा त्यात दोष नव्हता. पण पोहे आणि पाव ऐकून त्यांचा तोल गेला. मावशी उठली. पदराने हात पुसत बाहेर गेली आणि मकावच्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली. मी मागे गेले.

"हे सगळे परदेशचे?"

"हो."

"मंग इथं काहून आले?"

"लोकांनी हौसेनं आणले. मग हौस फिटली."

"बाप्पा!" ती म्हणाली. "अन् मले बोलून राहिली ती बाई."

आता ही परत येणार नाही असं मला वाटलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात ती रिक्षातून उतरली, पिशवीत जास्वंदीची फुलं घेऊन. दारातच डॉक्टरबाईंना विचारलं, "हे तरी चालते काय त्याले?"

"चालतं," बाई म्हणाल्या. मग पिशवी हातात घेत म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी मी उगाच आवाज चढवला. तुम्ही त्याला उचललं नसतं तर ते पेटीतच मेलं असतं."

"असू दे. तू डॉक्टर आहेस, मी चहावाली. दोघींचा आवाज मोठाच."

कासवाने फुलं हुंगलीसुद्धा नाहीत. त्यानंतरही ती येत राहिली. कधी फुलं, कधी शेवग्याचा पाला. दिव्याच्या उबेत ते डोळे मिटून पडलेलं असायचं आणि ती दाराशी बसून त्याच्याशी बोलायची. कुठला ट्रक कुठे अडकला, चहापत्ती कशी महाग झाली, सून कशी ऐकत नाही. आम्ही नळीने औषध आणि पातळ खाणं देत होतो. डॉक्टरबाई आशेचं काही बोलत नव्हत्या, आणि मीही विचारत नव्हते.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी मी इगुआनांच्या खोलीत होते, तेवढ्यात बाईंची हाक आली. धावत गेले. कासव दिव्याखालून उठून दारातल्या उन्हात आलं होतं आणि गवताची काडी ओढत होतं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. गवत तुटल्याचा बारीक करकर आवाज आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो.

मी मावशीला फोन लावला. तिला पटेना. "माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून सांगून राहिली तू." मी फोन कासवाच्या तोंडाजवळ धरला. तिला काय ऐकू गेलं कोण जाणे, पण थोड्याच वेळात ती रिक्षातून उतरत होती. हाताला अजून दुधाचा वास. कासवाच्या समोर जमिनीवर बसली आणि ते खाणं थांबवेपर्यंत जागची हलली नाही. मग डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाली, "चहा करतो. स्वयंपाकघर कुठं हाय तुमचं?"

फेब्रुवारीत शाळांच्या सहली सुरू झाल्या. मी मुलांना कासवाची माहिती सांगत होते, आणि मावशी नेमकी त्या दिवशी आली होती. मी तिलाच पुढे बोलावलं. आधी लाजली, मग सुरू झाली ती थांबेचना. पेटी, पोहे, नवस, टेम्पो. मुलं हसत होती, आणि "मी त्याले बुडवाले निघाली होती" म्हटल्यावर हसायची थांबून पुढे सरकली.

एका मुलीने हात वर केला. "आजी, मग तो देव आहे की नाही?"

मावशीने जरा विचार केला. "देव असो नाहीतं नसो माय, पोहनं येत नाही त्याले. आधी ते पाहावं लागते."

माझ्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत वर्गात इतकं मन लावून ऐकणारी मुलं मी पाहिली नव्हती. बसमध्ये चढतानाही ती एकमेकांना तेच सांगत होती.

आता कासव बागेच्या कोपऱ्यात राहतं. जमिनीत त्याने स्वतःच खोल बीळ खणलंय, त्यात संत्र्याचं एक झाड कलंडलं, त्याचा बागवाल्याला अजून राग आहे. मावशी सोमवारी टपरी उशिरा उघडते आणि आधी इकडे येते. तिच्याकडे चहा प्यायला थांबणाऱ्या ड्रायव्हरांना तिने बजावून ठेवलंय, पेटीतून आवाज आला तर आधी तिला सांगायचं.

काल तिचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते, ती ओरडून बोलत होती. "अवं, एका गाडीत पिंजरा सापडला. राखाडी पोपट हाय, शेपटी लाल. सावलीत ठेवला, पानी देल्लं. पोहे नाही देल्ले."

"निघतेच, मावशी."

"ये लवकर. अन् डॉक्टरले पन आन."