मधल्या न्हाणीघरात चौघं

ऑर्लीन टॅकेटने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात चाळिशी ओलांडलेला असा माणूस विरळाच, ज्याला तिने बसच्या आरशातून कधी दटावलं नसेल. मलाही तिने दटावलंय. तिचा नवरा क्लीट टोर्नाडोतच गेला. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की इथले पुरुष हमखास व्हरांड्यात येऊन आभाळ बघत उभे राहतात. तोही तसाच उभा होता, आणि कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडत आला. तेव्हापासून लेक मार्लिस दर वर्षी म्हणायची, घर विक आणि माझ्याकडे शहरात ये. ऑर्लीन सगळं ऐकून घ्यायची आणि परसात टोमॅटोची रोपं लावायची.

त्या मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. रात्री पावणेअकराला भोंगा वाजला. टीव्हीवरचा हवामानवाला एकेका रस्त्याचं नाव घेत होता, त्यात आमचीही गल्ली आली. मी समोरच राहतो. ती एकटी आहे म्हणून धावत गेलो, तर बाई एका हाताने वॉकर आणि दुसऱ्या हाताने पलंगावरची गादी ओढत होती. घराच्या मधोमध तिचं बिनखिडकीचं न्हाणीघर होतं. आडोसा म्हणायचा तर तेवढाच.

तेवढ्यात मार्लिसचा फोन आला. ती रडत होती, दर वर्षी सांगत होते तेच झालं म्हणत होती.

"हे बघ," ऑर्लीन म्हणाली, "या घरातून मला वारा काढणार नाही, आणि तूही नाही. ठेव आता. मला बूट घालायचेत."

बूट घालता घालता तिला दिसलं, शेजारचा गार्लंड प्रुइट हातात बियरचा डबा घेऊन व्हरांड्यात उभा आहे. मी अडवायच्या आत ती वॉकर टेकत बाहेर पडली. पाऊस थांबला होता, बोराएवढ्या गारा पडत होत्या.

"अजून लांब आहे तो, ऑर्लीनबाई," गार्लंड म्हणाला. "तुम्ही जा आत."

"क्लीटही हेच म्हणाला होता. तू येत नाहीस तोवर मी इथून हलणार नाही. मला गारांचा मार खायला लावायचा असेल तर खुशाल उभा राहा."

साठीचा गडी, पण मान खाली घालून आला. मागोमाग त्याची बायको ट्वायला आली. अर्धा तास ती त्याला आत बोलावून थकली होती.

दोघी टबात बसल्या, आम्ही दोघं फरशीवर बसलो आणि वरून गादी ओढून घेतली. ऑर्लीनने अंधारात आमची डोकी चाचपून मोजली. मग कानांना दडे बसले. भिंती थरथरायला लागल्या, आवाज पोटात शिरला. मी देवाचं नाव घेत होतो. ऑर्लीन मात्र त्या वादळाला, मागच्या बाकावरच्या दांडगट पोराशी बोलावं तशी, मुळीच आवाज न चढवता म्हणाली, "पुरे झालं. आता खाली बस."

छप्पर गेलं ते आम्हाला गादीवर पाऊस पडायला लागल्यावर कळलं. भिंती उभ्या होत्या. गार्लंडने ऑर्लीनचं पाऊल घट्ट धरून ठेवलं होतं. बाहेर आलो तर त्याच्या घराच्या तीन सिमेंटच्या पायऱ्या तेवढ्या शिल्लक होत्या.

सकाळी मार्लिस आली. आता तरी चल, म्हणाली.

"येईन. गुडघा बरा होईपर्यंत राहीन. छप्पर बसलं की परत."

लेकीकडे ती दहा आठवडे राहिली आणि रोज फोन करून सुताराच्या मागे लागली. ऑगस्टमध्ये परतल्यावर वादळात आसऱ्याला गॅरेजात बसवतात ती पोलादी खोली घ्यायला आम्ही दुकानात गेलो. एकट्या बाईला दोघांची खोली पुष्कळ झाली, असं दुकानदार म्हणाला.

"मी एकटी राहत नाही," ती म्हणाली. "मी गल्लीत राहते. आठ जणांची दाखव."

बसवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या आम्हा सात जणांना आत बसवून दार लावून बघितलं. आत भयंकर उकडत होतं, पण ती उघडा म्हणेपर्यंत कुणी हललं नाही.