सरकारी पोचा

आमच्या हिच्या मामांइतका सरकारवर विश्वास ठेवणारा माणूस नाशिक जिल्ह्यात झाला नाही, आणि सरकारशी त्यांच्याइतका भांडलेलाही कोणी झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, असं कोणी विचारलं तर त्याने मामांना पाहिलेलं नाही एवढंच मी म्हणेन. मामा मूळचे सिन्नरकडचे, तोफखान्यात हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तोफेशेजारी गोळा पडला. मामांच्या अंगावर ओरखडाही आला नाही, पण शेजारचे दोघे गेले आणि मामांची झोप त्यांच्याबरोबर गेली. पुढे बरेच महिने लष्करी दवाखान्यात काढून ते परतले आणि नाशिक रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नकार्याची भांडी भाड्याने देण्याचं दुकान टाकून बसले. ज्याला आवाज सोसत नाही त्याने पितळी भांड्यांचा धंदा काढावा, हे मामांनीच करावं. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "जावईबापू, हा आवाज मी करतो. दुसऱ्यानं केला की तरास."

भांडं दुकानातून जाताना मामा ते उन्हात धरून गोल फिरवत, टिचकी मारून कान लावत, आणि गिऱ्हाइकालाही तोच विधी करायला लावत. परत आलं की पुन्हा तेच. पोचा सापडला की भरपाईशिवाय सुटका नाही, मग समोर सख्ख्या भाचीचा नवरा का असेना. आमच्या थोरल्याच्या बारशाला नेलेल्या पातेल्यापायी त्यांनी मला भर उन्हात तांबटाकडे पिटाळलं होतं. आमच्याकडे जेवायला आले, की ताटालाही टिचकी मारल्याशिवाय ते घास घेत नसत. आणि कुकरची पहिली शिट्टी झाली, की मामा कॉटखाली. शिट्ट्या थांबल्या की बाहेर येऊन, पायजमा झटकून, काही घडलंच नाही अशा थाटात विचारत, "शिजली का गं डाळ?" शेवटी हिने कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. ते पातेलंही मामांच्याच दुकानातलं, भाड्याने.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं आणि ते मामांनी आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं. लष्करातून आल्यावर त्यांना एक इंग्रजी कागद आला. त्यावर गोल शिक्का होता, म्हणजे ही शाबासकीच, असं मामांनी ठरवून टाकलं. कागद तसाच गावी नेला, पारावर माणसं जमवली, गूळखोबरं वाटलं आणि शाळेच्या मास्तरांना तो मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावला. मास्तर बिचारे प्रामाणिक. त्यांनी सांगितलं, की हवालदारांचा मानसिक आजार उपजत आहे, त्याचा लष्करी नोकरीशी संबंध नाही, सबब पेन्शन नामंजूर. लोकांनी खोबरं खाल्लं आणि 'उपजत' हा शब्द घरोघर नेला. झालं, घराणंच वेडाचं ठरलं. पुढे मामांची मुलगी लग्नाची झाली तेव्हा तिला सांगून आलेली दोन स्थळं त्या पारावरूनच परत फिरली. आमची ही मामांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, तेव्हा सरकारी हिशोबाने ते रक्त माझ्याही घरात नांदत होतं. याबाबत सरकारशी माझा फारसा मतभेद नव्हता, पण तसं घरात बोलायची माझी छाती नव्हती.

मामांना पेन्शनची पर्वा नव्हती, दुकान बरं चाललं होतं. त्यांना पोरीसाठी तो एक शब्द खोडून हवा होता. "वेड हाय, मी नाय म्हणत नाय," ते म्हणत. "पण ते माझं नाय, सरकारचं हाय. भरतीच्या टायमाला डोकं तपासून घेतलं व्हतं ना? मग पोचा कुठं आला?" हा युक्तिवाद मी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून ड्यूटी करून आल्यावर इंग्रजीत उतरवून देत असे. सरकार तो नाकारत असे, आणि नकार आला की मामा खूश. सरकार उत्तर तरी देतंय, माणसाला तोडत नाही, असं ते मलाच समजावत. यात वर्षांमागून वर्षं गेली.

अखेर पुण्याला, लष्करी डॉक्टरांच्या नव्या बोर्डापुढे हजर राहण्याचं बोलावणं आलं. मामा, मामी आणि मी एसटीने निघालो. मामांच्या मांडीवर दुकानातलं सगळ्यात देखणं पातेलं होतं, चिंचेने लख्ख घासलेलं. त्याचं अर्धं तिकीट फाडू का, असं कंडक्टरने विचारलं. मामांनी ते गंभीरपणे घेतलं आणि पातेलं आपलं असल्याने फुकट जाईल असा निर्वाळा दिला.

बोर्डापुढे मामा ताठ उभे राहिले. पातेलं टेबलावर ठेवलं, टिचकी मारली, डॉक्टरांना ते नीट बघून घ्यायला सांगितलं. इतक्यात बाहेरच्या व्हरांड्यात कोणाच्या तरी हातून लोखंडी खाट पडली. दुसऱ्या क्षणी मामा टेबलाखाली होते, आणि त्यांचा धक्का लागून पातेलंही फरशीवर आपटलं. तिन्ही डॉक्टर एकमेकांकडे पाहू लागले. सगळं मुसळ केरात गेलं, असं मला वाटलं. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या मामी आत आल्या. या बाईंनी माझ्यासमोर कधी 'चहा घ्या' एवढंही मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्यांनी पातेलं उचलून टेबलावर ठेवलं.

"साहेब, आत आणलं तवा याला पोचा नव्हता," त्या म्हणाल्या. "हे इथं पडलं. आता हा पोचा आमच्या घरचा म्हणायचा का?"

मामींनी पदर सारखा केला. "गावच्या जत्रंत उखळीच्या बाराला बत्ती हेच द्यायचे. समदे कानावर हात ठेवायचे, अन् हे हसायचे. त्यो हसणारा माणूस म्या तुमच्याकडं धाडला व्हता."

बोर्डाचे प्रमुख वयस्कर होते, मराठी त्यांना कळत होतं. त्यांनी त्या पोच्यावरून अंगठा फिरवला, मग स्वतः खाली वाकले आणि टेबलाखाली हात देऊन मामांना वर घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

काही महिन्यांनी निकाल आला. या खेपेला मी तो आधी वाचून घेतला. आजार लष्करी सेवेमुळेच उद्भवला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मामांनी पुन्हा तोच पार गाठला, पुन्हा गूळखोबरं वाटलं, आणि आता जाड भिंगाचा चष्मा लागलेल्या त्याच मास्तरांपुढे लाउडस्पीकर ठेवला. 'लष्करी सेवेमुळे' हे शब्द मास्तरांनी उच्चारले आणि गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. कोणा उत्साही माणसाने तर जत्रेतली उखळी आणून बारच उडवला. मामा मास्तरांच्या टेबलाखाली. पण त्या दिवशी एकही माणूस हसला नाही, आणि खालून मामांचा खणखणीत आवाज आला, "वाचा मास्तर, थांबू नका."

त्याच साली मुलीचं लग्न झालं, हरसूलच्या एका शिक्षकाशी. परत फिरलेल्या दोन स्थळांपैकी एक पुन्हा चौकशीला आलं होतं. मामांनी "पोचा हाय" म्हणून ते वाटेला लावलं. मांडवात ते राजासारखे फिरले आणि व्याह्यांच्या ताटालाही टिचकी मारून आले. पुण्याहून पोचा घेऊन आलेलं पातेलं त्यांनी तांबटाला दाखवलं नाही की भाड्याने दिलं नाही. ते दुकानात वर टांगलेलं असे. कोणी मागितलं, की ते सरकारी आहे असं मामा ऐटीत सांगत.

कागदाने शब्द खोडला, झोप काही परत आणली नाही. मात्र निकालानंतरच्या दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी आपण होऊन फटाके रेल्वेच्या मैदानावर नेले. मामा जाऊन आता खूप वर्षं झाली, दुकानही राहिलं नाही, तरी पोरं अजून मैदानावरच जातात. असं का, हे त्यांना ठाऊक नाही. नवीन बिऱ्हाडकरूने विचारलं तर आमच्या गल्लीत अशीच पद्धत आहे, असं ती सांगतात. आमचा कुकर केव्हाच माळ्यावरून खाली आलाय. दिवाळीच्या पहाटे गल्ली शांत असते, स्वयंपाकघरात पहिली शिट्टी होते, आणि माझी नजर आपोआप कॉटखाली जाते.